बातमीतली ती : कोण, आणि कोणाची?

मागच्या वर्षीची गोष्ट. आपल्या टेक्निकल फेस्टिव्हलला दोन प्रमुख पाहुणे आले होते. एक सर, वाहन उद्योगात मोठ्या पदावर असलेले. दुसऱ्या मॅडम, वीज पारेषणात पंचवीस वर्षं काढलेल्या, सबस्टेशनच्या टेस्टिंग विभागाच्या प्रमुख. दोघांच्या मुलाखती घेऊन आपल्या अंकात छापायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या रात्री होस्टेलवर बसून प्रश्न काढले. सरांसाठी सात, मॅडमसाठी सात.

सरांची मुलाखत झकास झाली. मग मॅडमना पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, घर आणि करिअर ही तारेवरची कसरत तुम्ही कशी सांभाळता?" (तारेवरची कसरत त्या खरोखरच करत होत्या, २२० केव्हीच्या तारेवरची! पण ते मला तेव्हा सुचलं नाही.) मॅडम हसल्या. म्हणाल्या, "हाच प्रश्न आधी सरांना विचारलास का गं?" मी गप्प. मग त्याच म्हणाल्या, "असू दे, लिही." आणि उत्तरही दिलं, सासूबाईंची मदत, मुलांची शाळा वगैरे. मी ते छापलं. मथळा दिला, 'चूल ते सबस्टेशन'. तेव्हा मला तो फारच भारी वाटला होता!

अंक निघाला, सगळ्यांनी कौतुक केलं. पण मॅडमचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मी स्वतः मुलगी, स्वतः इंजिनिअरिंगला. मग मला हा प्रश्न का सुचला? मला तो कोणी शिकवला? शोधायला लागले तेव्हा कळलं की प्रश्न माझा नव्हताच. वर्षानुवर्षं बातम्या वाचून वाचून तो पाठ झाला होता. आणि तो फक्त मराठी बातम्यांतला नाही, जगभरच्या बातम्यांतला आहे. त्या शोधातून हा लेख झाला. (शाळा कॉन्व्हेंटची, मराठी घरी आणि होस्टेलवर शिकलेली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मॅडमनी पोटात घालाव्यात.)

एक रॉकेट आणि एक पदार्थ

इव्हॉन ब्रिल हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं. त्या मूळच्या कॅनडाच्या, काम केलं अमेरिकेत. उपग्रह कक्षेत जागेवर राहावा म्हणून त्याला अधूनमधून छोटे धक्के द्यावे लागतात. त्यासाठी इंधन लागतं आणि इंधन म्हणजे वजन. ब्रिलबाईंनी हायड्रॅझिनवर चालणारा असा थ्रस्टर तयार केला की ज्यात इंधनाच्या विघटनातून निघालेला वायू विजेने आणखी तापवला जातो. तितक्याच इंधनात जास्त जोर मिळतो, उपग्रहाचं आयुष्य वाढतं. २०११ साली त्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक मिळालं.

मार्च २०१३ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी त्या वारल्या. न्यूयॉर्क टाइम्सने त्यांच्यावर मृत्युलेख छापला. पहिलं वाक्य काय असावं? त्या बीफ स्ट्रोगनॉफ हा मांसाचा पदार्थ फार छान करायच्या, नवऱ्याची बदली होईल तिकडे त्याच्या मागे गेल्या आणि मुलांसाठी आठ वर्षं नोकरीतून बाजूला राहिल्या! त्या रॉकेट शास्त्रज्ञ होत्या हे पुढच्या परिच्छेदात. वाचकांनी इतकी टीका केली की वेबसाइटवरून तो पदार्थ काढून पहिल्या वाक्यात रॉकेट शास्त्रज्ञ हे शब्द घालावे लागले.

आता नीट बघा. यातली एकही गोष्ट खोटी नाही. त्या चांगला स्वयंपाक करत असतील, मुलांना आठवणही तीच येत असेल. चांगला स्वयंपाक करणं यात कमीपणाही काही नाही. मुद्दा क्रमाचा आहे. पहिलं वाक्य म्हणजे वाचकाला दिलेली ओळख. एखादा पुरुष रॉकेट शास्त्रज्ञ गेला तर त्याची ओळख त्याच्या हातच्या मटणापासून सुरू होईल का?

इथे मला या विषयाचं सूत्र सापडलं. बातमी पुरुषाला विचारते, "तू काय करतोस?" आणि बाईला विचारते, "तू कोणाची?" देश बदलला की विचारायची भाषा बदलते. प्रश्न बहुतेक तोच राहतो.

आधी मोजून बघू

आपण इंजिनिअर लोक, आकडा दाखवल्याशिवाय आपल्याला पटत नाही. सुदैवाने आकडे आहेत. ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट नावाचा एक जागतिक अभ्यास दर पाच वर्षांनी होतो. पद्धत अगदी सोपी. जगभर एक ठराविक दिवस ठरवायचा. त्या दिवशी प्रत्येक देशातले स्वयंसेवक आपापल्या देशातली वर्तमानपत्रं, रेडिओ आणि टीव्हीच्या बातम्या घेऊन बसतात (पुढे वेबसाइटही आल्या). प्रत्येक बातमीत कोण आहे, बाई की पुरुष, कोणत्या भूमिकेत, धंदा काय सांगितलाय, नातं काय सांगितलंय, हे सगळं तक्त्यात भरायचं. आपल्या प्रॅक्टिकलच्या ऑब्झर्व्हेशन टेबलसारखंच!

पहिली मोजणी झाली १८ जानेवारी १९९५ ला, ७१ देशांत. बातमीत दिसणाऱ्या, बोलणाऱ्या किंवा जिच्याबद्दल बोललं जातं अशा सगळ्या व्यक्तींत बायका किती? १७ टक्के. पुढच्या मोजण्या अशा : २००० साली १८, २००५ साली २१, २०१० साली २४, २०१५ साली पुन्हा २४, २०२० साली २५ आणि २०२५ साली २६. लोकसंख्येत निम्म्या, बातमीत चारातली एक.

तीस वर्षांत नऊ टक्क्यांची वाढ. ग्राफ सरळ रेषेत पुढे नेला तर ५० ला पोचायला आणखी ८० वर्षं, म्हणजे साल २१०५! हा हिशोब माझा आहे, कच्चा आहे, पण स्लोप तुम्हीच बघा.

मला जास्त महत्त्वाचे वाटले ते आतले आकडे. २०१० च्या अहवालात बातमीतल्या तज्ज्ञांमध्ये बायका होत्या २० टक्के. म्हणजे बजेट, पूल, भूकंप, रोग यावर मत द्यायला बोलावलेल्या दर पाच जणांत एक. पण सामान्य माणसाचं मत सांगणाऱ्यांमध्ये हाच आकडा ४४ टक्के होता. महागाईवर अर्थतज्ज्ञ म्हणून सर बोलतात आणि भाजीच्या पिशवीसह ताई बोलतात, हे दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. त्याच अहवालात आणखी दोन जोड्या आहेत. बातमीतल्या बायकांपैकी १८ टक्के पीडित म्हणून दाखवल्या होत्या, पुरुषांपैकी ८ टक्के. आणि कोणाची तरी बायको, आई, मुलगी अशी नात्याने ओळख दिलेल्या बायका १८ टक्के, पुरुष फक्त ५ टक्के.

म्हणजे 'तू कोणाची?' हा प्रश्न माझ्या मनाचा खेळ नाही. तो मोजलेला आहे.

देश तसा शब्द

आता हाच प्रश्न वेगवेगळ्या संस्कृतींत कसा विचारतात ते पाहू.

अमेरिकेत तो नावाच्या आधी लागणाऱ्या शब्दात होता. पुरुष लग्नाआधी मिस्टर, नंतरही मिस्टर. बाई मात्र मिस किंवा मिसेस. लग्नाचा उल्लेख नको म्हणून मिझ हा शब्द पुढे आला. पण न्यूयॉर्क टाइम्सने तो कित्येक वर्षं छापला नाही. १९८४ साली जेराल्डिन फेरारो उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या, अमेरिकेच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एकाने या पदासाठी उभी केलेली पहिली स्त्री. त्यांनी माहेरचं आडनाव ठेवलं होतं. नवऱ्याचं आडनाव झकारो. आता मिसेस फेरारो लिहावं तर ते चूक, कारण फेरारो नावाचा नवरा नाही. मिसेस झकारो लिहावं तर वाचकाला कळणार नाही कोण ते. मिस लिहावं तर लग्न झालेलं! एका पेपराचा नियम एका बाईच्या नावाशी असा अडकून बसला. शेवटी जून १९८६ मध्ये त्यांनी मिझ स्वीकारलं.

ब्रिटनमध्ये तो पेहरावात दिसतो. मार्च २०१७. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस द्यायला दोन दिवस उरलेले. पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या नेत्या निकोला स्टर्जन यांची भेट झाली. देशाचे तुकडे होणार की काय, असा प्रश्न समोर होता. डेली मेलच्या पहिल्या पानावर दोघींचा शेजारी बसलेला फोटो होता आणि मथळ्यात दोघींच्या पायांची तुलना, ब्रेक्झिट शब्दावर कोटी करून. दोन पुरुष नेते भेटले असते तर कोणी त्यांच्या पँटची इस्त्री मोजली नसती.

न्यूझीलंडमध्ये तर २०२२ साली पत्रकार परिषदेत तोंडावरच विचारलं. फिनलंडच्या पंतप्रधान सना मरीन तिकडे गेल्या होत्या. दोन पंतप्रधान, व्यापार, युक्रेनचं युद्ध असे विषय. एका पत्रकाराने विचारलं की तुम्ही दोघी साधारण एकाच वयाच्या म्हणून भेटताय, असं लोकांना वाटेल का? जसिंडा आर्डर्न यांनी उलट विचारलं की बराक ओबामा आणि जॉन की यांना ते एका वयाचे म्हणून भेटले का, असं कोणी विचारलं होतं का? मरीन यांचं उत्तर आणखी साधं : आम्ही पंतप्रधान आहोत म्हणून भेटतोय. हा किस्सा वाचला तेव्हा मला आमच्या मॅडमचं हसू आठवलं.

जपानमध्ये टीव्हीवर बातम्या देणाऱ्या तरुणींसाठी एक शब्दच आहे, 'जोशी-आना'. (आपल्या जोशींचा काही संबंध नाही! जपानीत जोशी म्हणजे मुलगी किंवा स्त्री आणि आना म्हणजे अनाउन्सर.) मोठ्या स्पर्धेतून निवडलेल्या, टीव्ही कंपनीच्या पगारी नोकर असलेल्या या मुली. पण त्यांच्या लोकप्रियतेच्या क्रमवाऱ्या लागतात, लग्नांच्या बातम्या होतात. वर्षानुवर्षं जोडी ठरलेली : मुख्य निवेदक वयस्क पुरुष, शेजारी तरुण मुलगी. त्याचे पांढरे केस म्हणजे अनुभव. तिचे पांढरे केस पडद्यावर सहसा दिसत नाहीत.

आणि अफगाणिस्तान. इथे विनोद संपतो. मे २०२२ मध्ये तालिबानने हुकूम काढला की टीव्हीवरच्या निवेदिकांनी चेहरा झाकायचा. डोळे तेवढे दिसायचे. टोलो न्यूजमधल्या पुरुष सहकाऱ्यांनी मग स्वतः काळे मास्क लावून बातम्या दिल्या. आपल्या मैत्रिणींच्या बाजूने उभं राहायला त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. पायांच्या फोटोचा मथळा आणि हा हुकूम यांना मी एका मापाने मोजत नाही. एकात बाईचा अपमान होतो, दुसऱ्यात तिला पुसूनच टाकलं जातं. पण आपण बाहेरचे लोक काय करतो तेही बघायला हवं. अफगाण बायकांच्या बातमीला जगभर बऱ्याचदा फोटो लावतात तो निळ्या बुरख्यातल्या, पाठमोऱ्या, नाव नसलेल्या बाईचा. काबूलमध्ये बायका डॉक्टर होत्या, न्यायाधीश होत्या, वार्ताहर होत्या, हे त्या फोटोतून कळतच नाही. तिकडे हुकूम काढून चेहरा झाकतात, इकडे आपण फोटो निवडून झाकतो.

आता आपल्या अंगणात

दुसऱ्यांची उणीदुणी काढून झाली, आता आपली.

आपल्या मेसच्या बाहेर कट्ट्यावर जे मराठी पेपर येतात त्यातली आतली पानं काढा. 'विवाहितेची आत्महत्या', 'नवविवाहितेचा छळ', 'दुचाकीच्या धडकेत महिला ठार'. पुरुष असेल तर 'शेतकऱ्याची आत्महत्या', 'अपघातात अभियंता ठार', 'शिक्षकाला मारहाण'. 'विवाहिताची आत्महत्या' असं कोणा पुरुषाबद्दल वाचलंय? ती बाईसुद्धा शेतात राबत असेल, शिक्षिका असेल, अंगणवाडी चालवत असेल. मथळ्यात मात्र तिचा धंदा लग्न! हुंड्याच्या छळाची बातमी असेल तर लग्न हा बातमीचा भाग आहे, तिथे शब्द बरोबर. पण विजेचा धक्का बसून गेलेल्या बाईच्या बातमीत तिचं लग्न कशाला?

आणि गंमत म्हणजे आपल्या भाषेला याची गरजच नाही. 'म्हणाल्या', 'गेली', 'जिंकली' असं लिहिलं की कर्ता बाई आहे हे क्रियापद आपोआप सांगतं. म्हणजे मथळ्यातली नामाची जागा मोकळी आहे, तिथे तिचं काम लिहिता येतं. 'महिला डॉक्टर म्हणाल्या' यात बाई दोनदा आली आणि दुसऱ्यांदा काही नवीन कळलं नाही. नुसतं 'डॉक्टर म्हणाल्या' पुरेसं आहे. ज्या सवलतीसाठी इतर भाषा धडपडतात ती मराठीला व्याकरणाने फुकट दिली आहे. आपणच वापरत नाही.

दुसरं, दहावी-बारावीचा निकाल. मथळा तुम्हाला तोंडपाठ : 'यंदाही मुलींचीच बाजी'. सोबत उड्या मारणाऱ्या मुलींचा फोटो. आनंद आहेच. पण त्याच मुली पाच-दहा वर्षांनी इंजिनिअर, सीए, सर्जन होतात तेव्हा पेपरच्या तज्ज्ञांच्या रकान्यात कुठे जातात? मग आठ मार्चला पुरवणी येते आणि त्यात सगळ्या एकदम 'रणरागिणी', 'हिरकणी' आणि 'सावित्रीच्या लेकी' होतात. देवी किंवा पीडिता. मधली साधी, काम करणारी बाई गायब.

तिसरं उदाहरण आपल्या क्षेत्रातलं. सप्टेंबर २०१४, मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं. रेशमी साड्या, केसांत गजरे, आनंदाने एकमेकींना टाळ्या देणाऱ्या इस्रोतल्या बायकांचा फोटो जगभर गाजला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्या वर्गाच्या बोर्डवर तो लावलेला मला आठवतो. खाली लिहिलं होतं, शास्त्रज्ञ. नंतर इस्रोने स्पष्ट केलं की फोटोतल्या बायका प्रशासकीय विभागातल्या होत्या. त्यांचा आनंदही खराच, त्यांचं कामही मोहिमेचाच भाग. पण मोहिमेत रितू करिधल, नंदिनी हरिनाथ अशा शास्त्रज्ञ खरोखर होत्या. त्यांची नावं बहुतेकांना पुष्कळ नंतर कळली. जगाला चित्र आवडलं, म्हणून चित्र छापलं. 'या कोण, काय करतात?' हे आधी विचारायचं राहून गेलं.

हा राग जुना आहे

कोणी म्हणेल, हे सगळं आजकालचं फॅड. नाही हो! १८८१ साली सुरतेत एका तरुण विधवेला बालहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली. त्यावरून 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात समस्त बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक करणारा मजकूर आला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी तो वाचला आणि उत्तर म्हणून पुस्तकच लिहिलं, 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२ साली. आज जगभर अभ्यासलं जाणारं हे मराठी पुस्तक मुळात एका पेपरातल्या मजकुराला दिलेलं उत्तर आहे. खटला एका बाईचा आणि शिक्षा सगळ्या बायकांना का, हा त्यांचा राग होता. सत्यशोधकांच्या 'दीनबंधू'चं संपादन पुढे तानुबाई बिर्जे यांनी पतीच्या मागे केलं, शंभरहून जास्त वर्षांपूर्वी. म्हणजे आपल्याकडे बाईने बातमीवर टीकाही केली आणि पेपरही चालवला. शाळेत दोघींचंही नाव माझ्या कानावर आलं नव्हतं.

दुरुस्ती कशी होते?

नुसती रड नको. दोन उदाहरणं चांगली देते.

पहिलं उत्तर प्रदेशातलं. चित्रकूट भागात २००२ साली 'खबर लहरिया' सुरू झालं. बुंदेली बोलीतला पेपर. वार्ताहर सगळ्या गावातल्या बायका, कित्येक दलित घरातल्या. हापसा बंद आहे, रेशन मिळत नाही, पोलिस तक्रार घेत नाहीत, अशा बातम्या त्या स्वतः फिरून आणायच्या. पुढे तो पेपर छापील रूप सोडून मोबाइलवर आला. त्यांच्यावरचा माहितीपट 'रायटिंग विथ फायर' २०२२ साली ऑस्करच्या नामांकनात होता. पण मला आवडलं ते पुढचं. जग टाळ्या वाजवत असताना या बायकांनी जाहीर सांगितलं की चित्रपटात आमच्या कामाची एकच बाजू आली आहे, आमची गोष्ट त्याहून मोठी आहे. कौतुक करणाऱ्यालाही त्यांनी सांगितलं की आम्ही कोण ते आम्हाला विचारा.

दुसरं बीबीसीचं. २०१७ च्या सुरुवातीला रॉस ॲटकिन्स या निवेदकाने आपल्या कार्यक्रमात एक साधी गोष्ट सुरू केली. रोज कार्यक्रम संपला की आज किती बायका आणि किती पुरुष बोलले ते मोजायचं. नियम एक : ज्यांची निवड आपल्या हातात आहे तेवढेच मोजायचे. पंतप्रधान पुरुष असेल तर तो आपला निर्णय नाही, तो मोजायचा नाही. पण वार्ताहर, तज्ज्ञ, पाहुणे आपण बोलावतो, ते मोजायचे. सुरुवातीला बायका होत्या ३९ टक्के. चार महिन्यांत ५० ला पोचल्या. सक्ती नाही, दंड नाही. पुढे बीबीसीतले शेकडो कार्यक्रम आणि बाहेरच्या संस्थाही यात आल्या.

इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना हे लगेच कळेल. ओपन लूप होता, तो क्लोज्ड केला. आउटपुट मोजा, सेट पॉइंटशी ताडून बघा, एरर काढा, दुरुस्त करा. सेन्सरच लावला नाही तर कंट्रोलर काय करणार?

अर्थात आकडा म्हणजे सगळं नाही. ५० टक्के बायका घेतल्या आणि सगळ्यांना 'घर कसं सांभाळता?' विचारलं तर उपयोग शून्य. (अनुभवाचे बोल!)

तुमच्यासाठी प्रॅक्टिकल

साहित्य : कालचा पेपर, पेन्सिल, अर्धा तास. रूममेट असल्यास उत्तम.

१) पहिल्या पानावरची सगळी माणसं मोजा. बायका किती, पुरुष किती?

२) त्यात तज्ज्ञ म्हणून बोलणारे किती, बळी ठरलेले किती, हे वेगळं लिहा.

३) प्रत्येकाची ओळख कशी दिली आहे? कामाने की नात्याने?

४) एक बातमी घेऊन त्यात बाईच्या जागी पुरुष घाला आणि मोठ्याने वाचा. हसू आलं तर तिथे खोट आहे.

हाच प्रयोग मी आपल्या अंकावर केला, शिक्षकांची माफी मागून सांगते. गेल्या अंकातल्या प्रोजेक्टच्या फोटोखाली मुलांची नावं शाखेसह आहेत आणि त्याच टीममधल्या दोघींबद्दल 'विद्यार्थिनींनीही सहभाग घेतला' एवढंच आहे. ती ओळ कोणी लिहिली होती? मीच! त्या दोघींपैकी एक माझी रूममेट आहे. त्या रोबोचं सगळं प्रोग्रॅमिंग तिने केलं होतं, रात्री दोनपर्यंत माझ्याच टेबल लॅम्पखाली बसून. मी तिला सॉरी म्हटलं तर म्हणाली, "अगं, मला पण तेव्हा काही खटकलं नव्हतं." ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

कापलेलं उत्तर

शेवटी एक कबुली. 'चूल ते सबस्टेशन' या मुलाखतीतून मी जागेअभावी एक उत्तर कापलं होतं. सासूबाई ठेवल्या, हे उत्तर काढलं. माझ्या वहीत ते होतं. मॅडमना फोन करून परवानगी घेतली आणि ते आता छापते. मी विचारलं होतं, कामातला लक्षात राहिलेला प्रसंग कोणता? मॅडम म्हणाल्या :

"एका मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं मेंटेनन्स झालं होतं. रात्री चार्ज केला, काही झालं नाही. लोड घेतला की डिफरन्शियल रिले ऑपरेट होऊन ब्रेकर ट्रिप. ऑइल तपासलं, इन्सुलेशन तपासलं, सगळं ठीक. पुन्हा लोड घेतला, पुन्हा ट्रिप. सगळे म्हणाले, ट्रान्सफॉर्मर आतून गेला, उघडावा लागणार. उघडायचा म्हणजे अर्ध्या शहराला कित्येक दिवस लोडशेडिंग. मी म्हटलं थांबा. आतून गेला असता तर चार्ज करतानाच बोलला असता. फरकाचा करंट लोडबरोबर वाढतोय, म्हणजे शंका मोजणाऱ्यावर घ्यायला हवी. रिलेतल्या दोन्ही बाजूंच्या तिन्ही फेजच्या नोंदी काढल्या, कागदावर व्हेक्टर मांडले. एका फेजचा व्हेक्टर उलटा निघाला. मेंटेनन्समध्ये एका सीटीच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. वायरी बदलल्या, लोड घेतला, पहाटे साडेचारला शहरात लाइट. ट्रान्सफॉर्मरला काहीच झालं नव्हतं गं. मोजणारा उलटा जोडला असेल तर चांगली वस्तूही बिघडलेली दिसते. म्हणून आधी मोजणारा तपासायचा."

या अंकासाठी पाहुण्यांच्या मुलाखती मी आणि माझी रूममेट मिळून घेतो आहोत. प्रश्नांची यादी यंदा एकच आहे.

— टी.ई. (इन्स्ट्रुमेंटेशन), मुलींचं वसतिगृह